पंप कधी बंद करायचा, हे एजंटला कसं कळावं? मल्टी-एजंट प्रणालीत भोवताल मांडायला शिकताना

पहाटे साडेपाचला वॉचमनचा फोन आला. "दादा, गच्चीवरनं धो धो पाणी पडतंय आणि तुमचा पंप काही थांबंना."

सोसायटीच्या पाण्यासाठी मी आणि एका मित्राने हौसेने दोन एजंट लिहिले होते. एक वरच्या टाकीवर नजर ठेवणार, दुसरा पंप चालवणार. पाणी ४० सेंटिमीटरच्या खाली गेलं की पंप चालू, १३० च्या वर गेलं की बंद. पहाटे पाचला दोघे जागे झाले. वॉचमनने रात्रीच टाकी भरून ठेवली होती, सेन्सरने १८ हा आकडा पाठवला, एजंटने १८ ची ४० शी तुलना केली आणि पंप सुरू केला.

सेन्सर अल्ट्रासॉनिक होता आणि टाकीच्या झाकणाला आतून लावला होता. असा सेन्सर मोजतो ते झाकणापासून पाण्यापर्यंतचं अंतर. दीडशे सेंटिमीटर खोल टाकीत १८ म्हणजे पाणी १३२ पर्यंत आलेलं, टाकी जवळपास भरलेली. पंप जितका चालत होता तितका आकडा कमी होत होता, आणि आकडा जितका कमी तितकी एजंटची खात्री पक्की की टाकी रिकामीच आहे.

कोडमध्ये शोधायला गेलो तर चूक सापडेना. सेन्सरने मोजलं ते बरोबर, निरोप पोचला तो बरोबर, तुलनाही बरोबर. हरवलं होतं ते एवढंच, की १८ कशाचे आणि कुठून मोजलेले. ते माझ्या डोक्यात होतं, मित्राच्या डोक्यात उलटं होतं, आणि प्रणालीत कुठेच नव्हतं. भोवतालाचं सिमँटिक मॉडेल बनवायचं म्हणजे ही डोक्यातली माहिती सगळ्या एजंटांना वाचता येईल अशा जागी लिहून ठेवायची. ते कसं करायचं, हे याच टाकीवरून पायरीपायरीने सांगतो. जावा किंवा पायथन थोडंफार येत असेल तर पुरे.

हल्ली एजंट म्हटलं की लोकांना भाषा-मॉडेलवर चालणारा गप्पिष्ट मदतनीस आठवतो. इथे शब्द जुन्या, रुंद अर्थाने घेतलाय: भोवतालातून काही जाणून घेणारा, स्वतः ठरवणारा आणि कृती करणारा प्रोग्राम. आत भाषा-मॉडेल असलं तरी खालचं सगळं लागू आहे. नुसता १८ दिला तर तेही फसेल, फक्त फसताना दोन परिच्छेद स्पष्टीकरण देईल.

आधी थोडी पार्श्वभूमी

बरीच वर्षं मल्टी-एजंटवाल्यांचं, म्हणजे असे अनेक एजंट एकत्र चालवणाऱ्यांचं, लक्ष एजंटांवरच होतं: त्यांचे हेतू, त्यांचे निरोप, त्यांच्या वाटाघाटी. भोवताल म्हणजे मागचा पडदा. २००४ च्या सुमारास याच विषयावर खास कार्यशाळा भरू लागल्या, आणि २००७ मध्ये डॅनी वेन्स, अँड्रिया ओमिचिनी आणि जेम्स ओडेल यांनी एका लेखात ठामपणे मांडलं की भोवताल हा प्रणालीचा स्वतंत्र भाग आहे आणि एजंटांइतकाच विचार करून त्याची रचना करायला हवी. इटलीतल्या बोलोन्या विद्यापीठातल्या मंडळींनी ती कल्पना 'एजंट आणि आर्टिफॅक्ट' अशा रूपात पुढे नेली. त्यातून कार्टॅगो आलं. एजंट लिहायचं जेसन, भोवतालासाठी कार्टॅगो आणि एजंटांच्या संघटनेसाठी मॉइज, या तिघांची मोट म्हणजे जाकामो. मी पुढे जाकामोच धरून बोलणार आहे. पायथनवाल्यांना स्पेड आहे, कल्पना त्याच.

पहिली पायरी: कागदावर प्रश्न लिहा

संगणक लावू नका. एजंटांना भोवतालाला कोणते प्रश्न विचारावे लागतील, ते साध्या मराठीत लिहा. आमच्या कागदावर हे होते:

वरच्या टाकीत पाणी किती आहे, आणि ते मोजून किती वेळ झाला?
आत्ता पंप चालू केला तर तो कोरडा तर चालणार नाही ना?
जिन्याजवळचा व्हॉल्व्ह बंद केला तर कोणत्या विंगचं पाणी जाईल?
टँकर आला तर तो कोणत्या टाकीत रिकामा होतो?

ऑन्टॉलॉजीच्या, म्हणजे एखाद्या विषयातल्या गोष्टी आणि त्यांचे संबंध संगणकाला वाचता येतील असे मांडण्याच्या क्षेत्रात ही रीत १९९५ पासून रूढ आहे. टोरांटो विद्यापीठातल्या मायकेल ग्रुनिंगर आणि मार्क फॉक्स यांनी ती मांडली. तिचा खरा फायदा म्हणजे थांबायचं कुठे ते कळतं. नवशिक्याला जगातलं सगळं मांडायचा मोह होतो. मी पहिल्या आठवड्यात पाइपाच्या धातूंची वर्गवारी करून बसलो होतो. कागदावरच्या एकाही प्रश्नाला धातू लागत नव्हता. खोडला.

दुसरी पायरी: एजंट कोण, वस्तू कोणती

कसोटी सोपी आहे. जो ठरवतो तो एजंट, जी वापरली जाते ती वस्तू, म्हणजे आर्टिफॅक्ट. पंप काहीच ठरवत नाही, म्हणून पंप-एजंट हे नावच चुकीचं होतं. पंप ही वस्तू, आणि तो कधी चालवायचा हे ठरवणारा पाणी-एजंट वेगळा. टाकी वस्तू, व्हॉल्व्ह वस्तू. वॉचमन ठरवतो, म्हणजे तोही एजंटच, फक्त आपल्या प्रोग्रामबाहेरचा. पण तो पंपाचं बटण दाबतो, तेव्हा त्याचा परिणाम मॉडेलमध्ये दिसायलाच हवा.

कार्टॅगोत प्रत्येक आर्टिफॅक्टला दोन बाजू असतात: बाहेरून दिसणारे गुण आणि बाहेरून करता येणाऱ्या क्रिया. पंपाचा गुण 'चालू की बंद', क्रिया 'चालू कर' आणि 'बंद कर'. एजंटने एखाद्या आर्टिफॅक्टकडे लक्ष द्यायचं ठरवलं की त्याचे गुण आपोआप त्या एजंटच्या समजुती बनतात, आणि गुण बदलला की समजूतही बदलते. एका आर्टिफॅक्टवर एका वेळी एकच क्रिया चालते, त्यामुळे दोन एजंटांनी एकदम पंपावर हात ठेवला तरी गोंधळ होत नाही.

तिसरी पायरी: शब्द उसने घ्या

आता त्या १८ कडे येऊ. मोजमापाच्या जगासाठी तयार शब्दसंग्रह आहे, त्याचं नाव सोसा. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने आणि भू-माहितीची मानकं ठरवणाऱ्या ओजीसीने मिळून तो २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच्या हिशेबात आकडा एकटा कधीच येत नाही, तो एका निरीक्षणाचा भाग म्हणून येतो. आमचं निरीक्षण असं लिहिलं गेलं:

निरीक्षण-१ | कोणत्या गोष्टीचं | वरची टाकी
निरीक्षण-१ | कोणता गुण | झाकणापासून पाण्यापर्यंतचं अंतर
निरीक्षण-१ | कोणी मोजलं | सेन्सर-व१
निरीक्षण-१ | किती | १८ सेंटिमीटर
निरीक्षण-१ | कधी | पहाटे ५:००
सेन्सर-व१ | कशावर बसवलाय | टाकीचं झाकण

प्रत्येक ओळ म्हणजे एक ट्रिपल: कर्ता, संबंध, कर्म. आरडीएफ हे माहिती अशी लिहायचं वेबचं मानक म्हणजे मुळात एवढंच. अशा ओळी एकमेकींना जोडत गेलात की नॉलेज ग्राफ तयार होतो. दुसरी ओळ पाहा. ती असती तर पहाटेचा फोन आला नसता, कारण 'पाण्याची खोली' हा वेगळा गुण आहे आणि एजंटला तोच हवा होता. अंतरावरून खोली काढायचं काम मग कुणीतरी उघडपणे करावं लागतं, गृहीत धरून चालत नाही.

एककांसाठी क्यूयूडीटी नावाचा संग्रह आहे, तो वापरा. स्वतःचा 'सेमी' बनवू नका. इमारतीच्या मजल्या-खोल्यांसाठीही बॉट नावाचा छोटा, सुटसुटीत संग्रह मिळतो.

इथे एक खास आपल्याकडची अडचण. ट्रिपलमधली नावं देवनागरीत ठेवता येतात, मानकाची हरकत नाही. पण 'दुसऱ्या मजल्याचा व्हॉल्व्ह' यातला 'ऱ्या' दोन तऱ्हांनी टाइप होतो: कुणी नुक्त्याचा ऱ घेतो, कुणी साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला ती दोन वेगळी नावं वाटतात. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण केलं तरी ती एक होत नाहीत. आमच्या ग्राफमध्ये दोन दिवस दोन व्हॉल्व्ह होते. तेव्हापासून आतली ओळख रोमन अक्षरांत आणि माणसांना दिसणारं नाव मराठी लेबल म्हणून, असा नियम केलाय.

चौथी पायरी: प्रोटेजेत वर्ग आणि संबंध

ऑन्टॉलॉजी बनवायचं स्टॅनफर्ड विद्यापीठाचं प्रोटेजे हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. त्यात टाकी, पंप, व्हॉल्व्ह, लाइन असे वर्ग करा, आणि मोजकेच संबंध. आम्हाला खरं तर एकच महत्त्वाचा संबंध लागला: 'पाणी पुरवते'. तो संक्रामक आहे असं सांगितलं, म्हणजे टाकी व्हॉल्व्हला आणि व्हॉल्व्ह विंगला पुरवत असेल तर टाकी विंगला पुरवते, हे रीझनर (लिहिलेल्यावरून निष्कर्ष काढणारा प्रोग्राम) स्वतः काढतो. व्हॉल्व्हचा प्रश्न तिथेच सुटला. व्हॉल्व्हच्या पुढे कोण कोण आहे ते विचारा, यादी येते.

आता सापळा, ज्यात जवळजवळ प्रत्येक नवशिका पडतो. मी 'पाणी पुरवते' या संबंधाचा डोमेन, म्हणजे त्याचा कर्ता कोणत्या वर्गातला ते, 'टाकी' असा दिला. मला वाटलं, टाकीशिवाय दुसऱ्या कशाला हा संबंध लावला तर प्रोटेजे ओरडेल. पुढे लिहिलं, 'महापालिकेची लाइन खालच्या टाकीला पाणी पुरवते'. प्रोटेजे गप्प. रीझनर चालवला तर पिवळ्या पट्टीत निष्कर्ष आला: महापालिकेची लाइन ही टाकी आहे.

ऑन्टॉलॉजीच्या ओडब्ल्यूएल भाषेत डोमेन ही अट नसते, ते अनुमानाचं साधन असतं. 'जो पाणी पुरवतो तो टाकी असतो' असं मी स्वतःच सांगितलं होतं, त्याने ते ऐकलं. टाकी आणि लाइन हे वर्ग परस्परवेगळे आहेत असंही सांगितलं, तेव्हा कुठे त्याने विसंगती दाखवली. म्हणून वर्ग केलेत की लगेच कोणते वर्ग एकमेकांत मिसळू शकत नाहीत ते लिहा. आणि डोमेन आणि रेंज (कर्म कोणत्या वर्गातलं ते) देताना हात आखडता घ्या.

पाचवी पायरी: 'माहीत नाही' आणि 'नाही' यांची फारकत

माझ्या मते या सगळ्यात घसरायची जागा हीच, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

डेटाबेसची सवय असलेल्याला वाटतं, नोंद नाही म्हणजे गोष्ट नाही. रेल्वेच्या यादीत नाव नाही म्हणजे तिकीट नाही. ओडब्ल्यूएल तसं मानत नाही. तिच्या लेखी नोंद नसणं म्हणजे फक्त ठाऊक नसणं. याला खुलं जग म्हणतात. शिवाय दोन वेगळी नावं म्हणजे दोन वेगळ्या वस्तू असंही ती गृहीत धरत नाही. 'वरची टाकी' आणि 'टाकी-१' एकच असू शकतात, त्या वेगळ्या आहेत असं तुम्ही स्पष्ट सांगेपर्यंत.

वाचताना हे तत्त्वज्ञान वाटेल, पण पंपाच्या बाबतीत हा पैशाचा प्रश्न आहे. खालची टाकी रिकामी असताना पंप चालला की तो कोरडा फिरतो आणि सील जळतं. आमचा पहिला नियम होता: 'खालची टाकी रिकामी आहे अशी समजूत नसेल तर पंप चालू कर.' ऐकायला ठीक वाटतो. खालचा सेन्सर बंद पडला की काय होईल? रिकामी असल्याची समजूत कधी येणारच नाही, आणि पंप खुशाल सुरू होईल. मौनाचा अर्थ आम्ही होकार असा घेतला होता.

जेसनमध्ये या दोन गोष्टींसाठी दोन वेगळी चिन्हं आहेत. एकाचा अर्थ 'माझ्याकडे तशी समजूत नाही', दुसऱ्याचा 'तसं नाही हे मला माहीत आहे'. नियम लिहिताना प्रत्येक नकारापाशी थांबून स्वतःला विचारा, यातला कोणता? आमचा सुधारलेला नियम नकार टाळतो: 'खालच्या टाकीत पुरेसं पाणी आहे, आणि ते मोजून दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ झालेला नाही, तरच पंप चालू कर.' सेन्सर गप्प बसला तर पंपही गप्प.

पण मग 'प्रत्येक टाकीला सेन्सर असलाच पाहिजे' हे तपासायचं कसं? ओडब्ल्यूएलमध्ये तसं लिहिलंत तर रीझनर म्हणेल, असेल कुठेतरी, तुम्ही सांगितलेला नाही इतकंच. तपासणीसाठी वेगळं हत्यार आहे, शॅकल. तेही २०१७ चंच मानक. ते समोरचा ग्राफ पाहतं आणि 'या टाकीला सेन्सर नाही, या निरीक्षणाला एकक नाही' असं रोखठोक सांगतं. अनुमान ओडब्ल्यूएलने, झाडाझडती शॅकलने, असं काम वाटून द्या.

सहावी पायरी: सावकाश बदलणारं वेगळं, भराभर बदलणारं वेगळं

सेन्सर दर पाच सेकंदांनी बोलतो. प्रत्येक आकड्याला ग्राफमध्ये भरून रीझनर चालवायला गेलात तर प्रणाली धापा टाकेल. तसं करायची गरजही नाही. टाकी किती खोल, सेन्सर कुठे बसवलाय, कोण कोणाला पाणी पुरवतं, हे महिनोन्महिने बदलत नाही. ते ग्राफमध्ये. आत्ताची पातळी आर्टिफॅक्टच्या गुणात. आमचा टाकी-आर्टिफॅक्ट सुरू होताना ग्राफला एकदाच विचारतो: माझी खोली किती, माझा सेन्सर कोणता गुण मोजतो, पातळीच्या मर्यादा कोणत्या? उत्तरं लक्षात ठेवतो आणि पुढे प्रत्येक आकड्याचं रूपांतर स्वतः करतो. एजंटांना दिसते ती फक्त पाण्याची खोली आणि मोजल्याची वेळ. उद्या तळाशी दाबावर चालणारा सेन्सर बसवला तर ग्राफमधल्या दोन ओळी बदलतील. एजंटांना पत्ताही लागणार नाही.

याला आणखी एक कारण आहे. ओडब्ल्यूएलला गणित फारसं येत नाही. 'पातळी ४० पेक्षा कमी' असा ठरावीक आकड्याचा वर्ग करता येतो, पण 'पातळी त्याच टाकीच्या स्वतःच्या किमान पातळीपेक्षा कमी' ही दोन गुणांची तुलना तिच्या आवाक्याबाहेर आहे. ते काम साध्या कोडला किंवा स्पार्कल या ग्राफला प्रश्न विचारायच्या भाषेतल्या प्रश्नाला द्या.

सातवी पायरी: जोडणी

ग्राफ हाताळायला जावात अपाचे जेना ही लायब्ररी घ्या, पायथनमध्ये आरडीएफलिब. ग्राफ स्वतःच एक आर्टिफॅक्ट करा. त्याची मुख्य क्रिया एकच: प्रश्न विचारणे. म्हणजे एजंटांच्या कोडमध्ये स्पार्कल विखुरलं जात नाही. एजंट एकमेकांना निरोप पाठवतात, तेव्हा फिपा या एजंटांसाठीच्या मानकातल्या निरोपात 'ऑन्टॉलॉजी' नावाचा रकाना असतो. बहुतेक जण तो रिकामा सोडतात. आम्हीही सोडला होता. 'पातळी' हा शब्द कोणत्या शब्दसंग्रहातला, हे सांगायची जागा तीच.

मग पहिल्या पायरीचा कागद काढा आणि एकेक प्रश्न चालवून पाहा. उत्तरं आली की मुद्दाम बिघाड करा. सेन्सरची वायर काढा, घड्याळ मागे न्या, मॉडेलला न सांगता व्हॉल्व्ह हाताने फिरवा. शेवटचा प्रकार आमच्याकडे रोज होतो, त्यामुळे वेगळी चाचणी करावी लागली नाही.

टाकी धुण्याचा दिवस

सगळं नीट चालू झाल्यावर दोन महिन्यांनी टाकी धुवायला माणसं आली. त्यांनी झाकण काढून गच्चीवर उलटं ठेवलं. सेन्सर आकाशाकडे तोंड करून. प्रतिध्वनी परत येईना, तेव्हा सेन्सरच्या ड्रायव्हरने आपला कमाल आकडा पाठवला: ४००. दीडशेतून ४०० वजा केले की उणे २५० राहतात, आणि उणे २५० हे ४० पेक्षा नक्कीच कमी. माणूस आत उभा असताना पंप सुरू झाला असता.

झाला नाही, कारण आर्टिफॅक्टला ग्राफमधून मर्यादा मिळालेल्या होत्या: खोली शून्य ते १५०. त्याने आकडा टाकून दिला, दोन मिनिटांत जुनं निरीक्षण शिळं झालं, आणि पाणी-एजंट 'माहीत नाही' म्हणून स्वस्थ बसला. पण कशामुळे माहीत नाही, ते त्याला सांगता आलं नाही. संध्याकाळी ग्राफ उघडून पाहिला तर उत्तर तिसऱ्या पायरीपासून तिथेच पडलेलं होतं: सेन्सर-व१, कशावर बसवलाय, टाकीचं झाकण. फक्त झाकण जागेवर आहे की नाही, हा गुण कुणी मांडलाच नव्हता. आता झाकण हा वेगळा आर्टिफॅक्ट आहे, त्याला चुंबकाचा छोटा स्विच आहे, आणि झाकण उघडं असताना पंपाची 'चालू कर' ही क्रिया नकार देते. तरीही टाकीत माणूस उतरणार असेल तेव्हा वॉचमन पंपाचा मेन स्विच स्वतःच्या हाताने पाडतो आणि फ्यूज काढून खिशात ठेवतो.